वाळूवर तपकिरी धागे आणि बुडबुडे: डायटम, सायनो की डायनो?

खारेपाणी (पुणे)

नमस्कार मंडळी. घरी रीफ टँक (जिवंत कोरलचा खाऱ्या पाण्याचा टँक) आहे, संप (खालची फिल्टरची टाकी) धरून साधारण २०० लिटर पाणी. क्लाउनफिशची जोडी, एक लॉनमोअर ब्लेनी, झोआंथिड (कोरलचे नातलग), मशरूम कोरल, एक लेदर कोरल आणि काही टर्बो गोगलगायी. टँक सुरू होऊन वर्ष होत आलं.

सुरुवातीला वाळूवर तपकिरी भुकटी आली होती, ती आपोआप गेली. मग खडकांवर हिरवं केसाळ शेवाळ आलं. त्यासाठी जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) लावला, खाणं कमी केलं, संपमध्ये चीटो (पोषण शोषून घेणारं शेवाळ) ठेवलं. शेवाळ गेलं आणि तेव्हापासून नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही टेस्टमध्ये शून्य दाखवतात.

आता वाळूवर आणि खडकांच्या टोकांवर तपकिरी चिकट धागे लोंबतात, टोकाला बुडबुडा धरून. रात्री दिवे बंद झाले की जवळजवळ दिसेनासे होतात, सकाळी टँक स्वच्छ असतो आणि दुपारपर्यंत सगळं परत. सिरिंजने ओढून काढलं तरी दुसऱ्या दिवशी तेवढंच. गोगलगायी सुस्त पडल्यात, दोन मेल्या. दुकानात फोटो दाखवला तर 'डायटम (सिलिकाच्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ) आहेत, पाणी बदलत राहा' म्हणाले. पण पाणी बदललं की हे उलट जोर धरतं. कुणाला अनुभव आहे का?

शिंपला (ठाणे)

पाणी कुठलं वापरता? घरातल्या पिण्याच्या आरओचं असेल तर आधी टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर लावून बघा. बहुतेक घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ३० ते ८० सहज असतो. माणसाला ते चांगलं, रीफला नाही. डीआय रेझिनचा (उरलेले क्षार काढणारा) टप्पा लावून टीडीएस ० यायला हवा.

पुण्याकडे बोअरचं पाणी असेल तर आणखी एक गोष्ट. आपला दख्खनचा दगड बेसाल्ट, त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेली सिलिका भरपूर असते. डायटमना कवच बांधायला तीच लागते. रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी निसटते, आणि टीडीएस मीटरवर ती जवळजवळ दिसतच नाही.

खारेपाणी

आरओ-डीआय आहे, टीडीएस ०. सोसायटीत बोअर आणि टँकर दोन्हीचं पाणी येतं. रेझिन बदलून बघतो.

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

रेझिन जरूर बदला, पण तुमचं वर्णन डायटमचं नाही. मी मत्स्यशास्त्र शिकलो आहे आणि घरीही बरीच वर्षं रीफ आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण इथे उपाय आणि अपाय यांत फार कमी अंतर आहे.

डायटम: नव्या टँकमध्ये वाळूवर आणि काचेवर तपकिरी-सोनेरी धूळ. धागे नाहीत, चिकटपणा फारसा नाही, बोटाने पुसली की उडते. सिलिका संपली की काही आठवड्यांत जाते. गोगलगायी ती आवडीने खातात आणि ठणठणीत राहतात.

सायनो: लाल, मरून, कधी काळपट हिरवी साय. हे शेवाळ नाही, प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत. साय थरच्या थर सोलून येते, खाली बुडबुडे अडकलेले असतात आणि हाताला घाण वास येतो. जिथे प्रवाह कमी आणि तळाशी खाण्याचा गाळ जास्त तिथे आधी.

डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे आपण सगळे डायनो म्हणतो ते सूक्ष्म एकपेशी जीव: तपकिरी, बुळबुळीत धागे, टोकाला बुडबुडा, रात्री गायब, दिवसा हजर, गोगलगायी मरतात. आणि सगळ्यात बोलका पुरावा तुम्हीच दिला आहे: नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य.

हिरव्या शेवाळाला उपाशी मारता येतं. डायनोंचं उलट आहे. पाणी उपाशी पडलं की त्यांच्याशी जागेसाठी झगडणारे बाकीचे सूक्ष्मजीव आणि शेवाळं मागे हटतात आणि मोकळं मैदान डायनोंना मिळतं. त्यांच्यातल्या बऱ्याच जाती दुसऱ्या सूक्ष्मजीवांना खाऊनही जगतात. म्हणून 'तपकिरी दिसलं, पोषण तोडा' हा सल्ला इथे आगीत तेल ओततो. पाणी बदलल्यावर जोर धरतात हाही अनेकांचा अनुभव आहे.

पण माझ्यावरही विसंबू नका, खात्री करून घ्या. घरच्या घरी एक चाचणी होते. चिकटा सिरिंजने ओढून टँकच्या पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या. बाटली जोरात हलवून सगळं मोडून टाका, मग कॉफी फिल्टरमधून किंवा जाड टिश्यूमधून गाळा. गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात परत धागे जुळून आले तर डायनो. सायनो आणि साधं शेवाळ असं पुन्हा एकत्र येत नाही.

त्यानंतर मायक्रोस्कोप. डायनोंत कोणती जात हे कळल्याशिवाय पुढचा उपाय ठरत नाही.

मीठागर (वसई)

मायक्रोस्कोप घरी कुणाकडे असतो? आधी तीन दिवस टँक काळ्या कापडात गुंडाळून अंधार करा. माझ्याकडे त्यानेच गेलं होतं.

रत्नदुर्ग

अंधाराने दबतात, हे खरं. पण पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट शून्यच राहिलं तर दिवे लागल्यावर बहुतेक वेळा परत येतात. शिवाय वाळूत राहणाऱ्या जातीवर अंधाराचा परिणाम फार थोडा. तुमच्याकडे गेलं ते बहुधा वेगळ्या जातीचं असेल किंवा पाण्यात पोषण शिल्लक असेल.

मायक्रोस्कोप महाग लागत नाही. शाळेचा साधा विद्यार्थी-मायक्रोस्कोप ४०० पटीचा असतो, तो उत्तम. आसपासच्या शाळेच्या किंवा ज्युनिअर कॉलेजच्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना विचारा, आनंदाने बघू देतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला कागदाचा फोल्डस्कोप १४० पट मोठं दाखवतो. आपल्याकडे तो अनेक शाळांत पोचला आहे. डायनो आहेत की नाहीत एवढं त्यातून कळतं, जात ओळखायला मात्र ४०० पट बरं.

काय बघायचं ते सांगतो. ऑस्ट्रिऑप्सिस पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा, एका टोकाला निमुळता, आणि त्या टोकाभोवती गोल गोल फिरतो. अँम्फिडिनियम चपटा, लंबगोल, डोक्यावर छोटी वाकडी चोच, आणि काचेवर सरपटतो. कूलिया जवळजवळ गोल. नावेसारखे किंवा काडीसारखे, काचेसारखे चमकणारे दिसले तर ते डायटम. लांब सरळ धाग्यांचं जाळं दिसलं तर सायनो.

एक कळकळीची विनंती. पाणी काढताना तोंडाने ओढून सायफन सुरू करू नका. आपल्याकडे सर्रास करतात. ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या कुळातलं विष तयार करतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जिनोव्हाच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिसचा बहर आला, तेव्हा लाटांच्या तुषारांनी सुमारे २०० लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास झाला आणि उपचार घ्यावे लागले. घरातल्या टँकमध्ये तेवढं प्रमाण नसतं, तरी हातमोजे घाला, डोळ्यांत पाणी उडू देऊ नका, घरात लहान मूल असेल तर बादली उघडी ठेवू नका.

खारेपाणी

खूप आभार. बाटलीची चाचणी आजच केली. तासाभरात काचेला तळाशी धागे जुळले, अगदी स्पष्ट. मायक्रोस्कोपसाठी मुलीच्या शाळेत विचारतो.

रेवदंडा

चर्चेचा विषय सोडून जातो आहे का माहीत नाही, पण माझ्याकडे लाल साय आहे, म्हणजे वर लिहिल्याप्रमाणे सायनो. सोलून काढली की आठवड्यात परत. एका ग्रुपवर एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या टाकायला सांगितल्या. टाकू का?

औषधवाली (सांगली)

मी फार्मासिस्ट आहे. कृपया नका टाकू, निदान पहिला उपाय म्हणून तरी नको. एरिथ्रोमायसिन जिवाणूंवर चालतं, सायनो जिवाणूच आहेत, म्हणून ते मरतात हे खरं. पण ते प्रतिजैविक आहे. तुम्ही पाणी बदललं की ते गटारात जातं, तिथल्या जिवाणूंना त्याची सवय लागते, आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू हा आपल्या दवाखान्यांतला आजचा रोजचा प्रश्न आहे. शिवाय एवढी साय एकदम मेली की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते. आपल्या उन्हाळ्यात पाणी आधीच गरम, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी. मासे रात्रीत जातील.

आणि कारण तसंच राहिलं तर सायही परत येईल.

रत्नदुर्ग

औषधवाली ताईंशी पूर्ण सहमत. रेवदंडा, साय जिथे येते तिथे प्रवाह किती आहे बघा. वेव्हमेकरचं (प्रवाह देणाऱ्या पंपाचं) तोंड तिकडे वळवा. ६० मिलीच्या सिरिंजने साय ओढून थेट टँकबाहेर काढा, टँकमध्येच ढवळू नका. वाळूतला गाळ थोडा थोडा करून काढा, एका वेळी चौथा भाग. गोठवलेलं खाणं देत असाल तर ते वितळल्यावरचं पाणी गाळून फेका, त्यात फॉस्फेट असतं. सायनोंचं ठाण बहुतेकदा नायट्रेट तळाला आणि फॉस्फेट मात्र शिल्लक अशा पाण्यात बसतं, त्यामुळे दोन्ही मोजा आणि आकडे इथे टाका.

रेवदंडा

नायट्रेट ०, फॉस्फेट ०.१८.

रत्नदुर्ग

मग चित्र स्पष्ट आहे. नायट्रेट थोडं वर आणा, ५ पीपीएमच्या (लिटरला ५ मिलिग्रॅमच्या) आसपास, आणि फॉस्फेट सावकाश खाली. एकदम नको. खारेपाणींना जे आकडे देणार आहे त्यातला नायट्रेटचा भाग तुम्हालाही लागू.

खारेपाणी

शाळेत बघून आलो. मॅडमनी स्वतः स्लाइड तयार करून दिली. थेंबाच्या आकाराच्या पेशी, एका टोकाला जणू दोरीने बांधल्यासारख्या गरगर फिरत होत्या. मुलींनी गर्दी केली होती बघायला. म्हणजे ऑस्ट्रिऑप्सिस ना?

रत्नदुर्ग

हो, ऑस्ट्रिऑप्सिसच. त्यातल्या त्यात बरी बातमी, कारण हा रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून यूव्ही दिव्याच्या (समोरून जाणाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव मारणाऱ्या अतिनील दिव्याच्या) तावडीत सापडतो. अँम्फिडिनियम असता तर तो वाळूतच राहिला असता आणि यूव्हीचा काही उपयोग झाला नसता. तिथे मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवावे लागतात, म्हणजे ते डायनोंची जागा घेतात. शिंपला यांनी ज्या सिलिकापासून सावध केलं तीच तिथे औषध म्हणून वापरतात.

तुमच्यासाठी असं:

जीएफओ काढून टाका. चीटोवरचा दिवा काही दिवस बंद, किंवा चीटो निम्मं करा. पाणी बदलणं तूर्त थांबवा. सक्रिय कार्बन मात्र लावा आणि नेहमीपेक्षा लवकर बदला, पेशी मरताना सुटणारं विष तो बऱ्यापैकी धरतो.

नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम. खाणं वाढवून हे होतं, पण मासे दोन-तीनच असतील तर वेळ लागतो. मोजून घालायचं तर सोडियम नायट्रेट, प्रयोगशाळेच्या दर्जाचं. १०० लिटरमध्ये १ पीपीएम वाढवायला ०.१४ ग्रॅम लागतं, तुमच्या २०० लिटरला ०.२८ ग्रॅम. रोज १ ते २ पीपीएमपेक्षा जास्त वाढवू नका. फॉस्फेटसाठी मोनोपोटॅशियम फॉस्फेट १ ग्रॅम, १ लिटर आरओ पाण्यात विरघळवून ठेवा. या द्रावणाचे साधारण १४ मिली तुमच्या टँकमध्ये ०.०५ पीपीएम वाढवतील. पहिले काही दिवस टेस्टमध्ये परत शून्य दिसेल, कारण जीएफओने सुकवलेले खडक फॉस्फेट शोषून घेतात. घाबरून दुप्पट घालू नका, रोज मोजा आणि रोज तेवढंच द्या.

यूव्ही दर १० ते १२ लिटरला १ वॉट या हिशेबाने, म्हणजे १८ वॉटच्या आसपास. पाणी संपमधून न घेता थेट वरच्या टँकमधून घ्या आणि तिथेच सोडा, प्रवाह मंद ठेवा. रात्रभर चालू हवा. यूव्ही लावल्यावर मग तीन दिवसांचा अंधार करा. मीठागर यांचा उपाय इथे नेमका बसतो, कारण अंधारात पेशी वाळू सोडून वर येतात आणि दिव्यासमोरून जातात.

द्राक्षबाग (नाशिक)

मी शेतकरी आहे आणि घरात छोटा नॅनो टँक आहे. एक विचारतो. आमच्या गोडाऊनला १३:०:४५ आणि ०:५२:३४ च्या बॅगा कायम पडलेल्या असतात. पहिलं पोटॅशियम नायट्रेट, दुसरं मोनोपोटॅशियम फॉस्फेट. टँकला तेच वापरलं तर?

रत्नदुर्ग

रसायन म्हणून तुमचं बरोबर आहे, तीच दोन क्षारं. पण ठिबकच्या खतात जस्त, तांबं, बोरॉन मुद्दाम मिसळलेलं असू शकतं किंवा अशुद्धी म्हणून असू शकतं. द्राक्षाला ते हवंच असतं, कोळंबी आणि गोगलगायीला तांबं थोडंही सोसत नाही. एका टँकला वर्षभरात लागणार मूठभरसुद्धा नाही, तेवढ्यासाठी प्रयोगशाळेचं घ्या. जिल्ह्याच्या गावी सायंटिफिक सामानाच्या दुकानात मिळतं.

जलतरंग (मुंबई)

चर्चा चाललीच आहे तर ब्रायॉप्सिस शेवाळाबद्दल कुणी सांगेल का? गडद हिरवं, पिसासारखं, मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी सारखी पानं. नायट्रेट ३, फॉस्फेट ०.०३, तरी वाढतंच आहे. उपटलं की मुळाशी राहिलेल्या तुकड्यातून परत.

शिंपला

पिसासारखं असेल तर ब्रायॉप्सिस नक्की. आधी हेच तपासा, कारण डर्बेसिया आणि क्लॅडोफोरा लांबून सारखेच दिसतात आणि प्रत्येकाचा तोडगा निराळा. ब्रायॉप्सिसला उपाशी ठेवून काही होत नाही, त्याआधी कोरल उपाशी मरतील. फ्लुकोनॅझोल चालतं. प्रमाण लिटरला साधारण ५ मिग्रॅ, म्हणजे २०० लिटरला १००० मिग्रॅच्या आसपास. कार्बन आणि यूव्ही बंद ठेवायचं, स्किमरचा (फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप काढून ठेवायचा, म्हणजे हवा मिसळत राहते पण औषध बाहेर जात नाही. आठवडा-दहा दिवसांनी रंग उतरायला लागतो. दोन आठवडे झाले की पाणी बदलायचं आणि कार्बन परत.

औषधवाली

इथे माझी हरकत कमी आहे, पण आहे. फ्लुकोनॅझोल माणसांच्या बुरशीवरचं औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, आणि आपल्याकडे गजकर्ण औषधांना दाद देईनासं झालंय हे त्वचेचे डॉक्टर सतत सांगतात. ज्याच्याकडे दोन मुठी शेवाळ आहे त्याने आधी खडक बाहेर काढून बघावा. हायड्रोजन पेरॉक्साइड दुकानात '२० व्हॉल्यूम' म्हणून मिळतं ते ६ टक्के असतं, तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. खडक पाण्याबाहेर धरून, शेवाळावर ब्रशने लावा, पाच मिनिटांनी जुन्या टँकच्या पाण्यात धुवा, मग परत ठेवा. कोरलच्या अंगाला लागू देऊ नका.

जलतरंग

माझ्याकडे तीन खडकांवरच आहे आणि तिन्ही सुटे आहेत. आधी पेरॉक्साइड करतो.

शिंपला

ताईंचं म्हणणं रास्त आहे. फक्त तळाचा मोठा खडक, जो हलवता येत नाही, त्यावर आलं असेल तर फ्लुकोनॅझोलला पर्याय मला तरी माहीत नाही.

मीठागर

माझ्याकडे आयप्टेशिया (त्रासदायक छोटी समुद्रफुलं) आहेत. पारदर्शक तपकिरी, छोट्या ताडाच्या झाडासारख्या. चिमट्याने ओढून काढल्या तर एकाच्या जागी पाच झाल्या. आता कंटाळून सगळे खडक बाहेर काढून मोठ्या पातेल्यात उकळावेत असं ठरवलंय.

रत्नदुर्ग

थांबा. खडक उकळू नका. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, समुद्री खडक घरात कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, सुकलेले झोआंथिड ब्रशने घासू नका.

तुमच्या खडकांवर पॅलिथोआ किंवा दुसरे झोआंथिड चिकटलेले असतील, काही वेळा दिसतही नाहीत. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये हवाईत मूर आणि शॉयर यांनी पॅलिथोआमधूनच ते वेगळं काढलं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी हे एक, आणि उकळून ते निकामी होत नाही, वाफेबरोबर घरभर पसरतं. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये एका घरात टँकमधलं कोरल साफ करताना अख्खं कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला गेलेल्या कर्मचाऱ्यांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. खडक साफ करायचाच तर अंधाऱ्या ड्रममध्ये खाऱ्या पाण्यात दोन-तीन महिने ठेवा, किंवा घराबाहेर मोकळ्या हवेत ब्लीचच्या पाण्यात बुडवा, हातमोजे आणि चष्मा घालून. ब्लीचमध्ये कधीही आम्ल मिसळू नका.

मीठागर

बापरे. पातेलं गॅसवर ठेवायचंच बाकी होतं. लिहिलंत म्हणून वाचलो. मग आयप्टेशियाचं काय करू?

द्राक्षबाग

याला मी चुना वापरतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट, सुईच्या सिरिंजने थेट तोंडात. पंप बंद करायचे, हळू जवळ जायचं, मिटायच्या आत सोडायचं, वरून पेस्टचं झाकण बसेल इतकं. पानाचा चुना वापरू नका, त्यात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही. एका वेळी चार-पाच आयप्टेशियाच, कारण चुन्याचा पीएच १२ च्या वर असतो आणि छोट्या टँकचा पीएच पटकन चढतो.

शिंपला

त्यांच्या पायाचा मागे राहिलेला कण नवी आयप्टेशिया होतो, म्हणून ओढून वाढल्या. संख्या फार असेल तर पेपरमिंट कोळंबी ठेवा. मात्र खरी पेपरमिंटच आहे ना ते बघून घ्या, तिच्यासारखीच दिसणारी कॅमल कोळंबी दुकानात त्याच नावाने विकतात आणि ती कोरल खाते. कॅमलच्या अंगावर पांढऱ्या रेघा ठळक असतात.

सॅनदिएगोकर

माहेर दापोली, आता बरीच वर्षं सॅन दिएगोत. तुम्ही काढलेलं शेवाळ, उपटलेले तुकडे, जुनं पाणी कुठे टाकता? कुणीच लिहिलं नाही म्हणून विचारते.

भूमध्य समुद्रात १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोर कॉलेर्पा टॅक्सिफोलिया (हिरवं समुद्री शेवाळ) सापडली. मत्स्यालयांत वाढवलेला, थंडी सोसणारा वाण. तिथून ती भूमध्याच्या किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली आणि तिथल्या समुद्री गवताच्या कुरणांवर चढली. २००० मध्ये तीच आमच्या शेजारी कार्ल्सबाडच्या अग्वा हेडिओंडा खाजणात आली. पाणबुड्यांनी तिच्यावर ताडपत्र्या घालून खाली क्लोरीन सोडलं, वर्षानुवर्षं तपासण्या केल्या आणि २००६ मध्ये ती संपल्याचं जाहीर झालं. खर्च ७० लाख डॉलरच्या वर. एवढं करूनही २०२१ मध्ये न्यूपोर्टच्या खाडीत तिची बहीण कॉलेर्पा प्रोलिफेरा सापडली, आणि २०२३ मध्ये आमच्या सॅन दिएगोच्या खाडीत. कॉलेर्पाची अनेक वर्षं शोभेचं शेवाळ म्हणून खरेदी-विक्री होत होती.

मी काढलेलं सगळं आधी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते, मग कचऱ्यात. पाण्यात ब्लीच घालून एक दिवसानंतर घरातल्या सांडपाण्यात. किनाऱ्यावर, खाडीत, पावसाच्या नाल्यात थेंबही नाही.

रत्नदुर्ग

फार महत्त्वाचं लिहिलंत ताई. आपल्याकडचंच उदाहरण आहे. कॅपाफायकस हे मूळ आग्नेय आशियातलं समुद्री शेवाळ, कॅरागीननसाठी (खाद्यपदार्थ दाट करायच्या पदार्थासाठी) तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लागवडीला आणलं. २००८ मध्ये मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळावर ते चढल्याची नोंद झाली. प्रवाळाला वरून झाकून टाकतं, उजेड पोचत नाही.

जलतरंग

मालवणला जातो आहे पुढच्या महिन्यात. तिकडून थोडे जिवंत खडक आणि गोगलगायी आणल्या तर टँकला नैसर्गिक जिवाणू मिळतील असं वाचलं होतं.

रत्नदुर्ग

नको. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याबाहेरही, दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्री पंखे हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. मेलेला तुकडाही उचलता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, किनाऱ्यावरच्या खडकावर काय काय चिकटून येईल ते ओळखण्यातच तुमचं वर्ष जाईल. पाणीसुद्धा आणू नका. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी इतकं मिसळतं की फॉस्फेट मोजायचीही गरज नाही. मालवणला स्नॉर्केलिंग करा, तिथे ते जागच्या जागी फार सुंदर दिसतं.

खारेपाणी

कळवायला उशीर झाला. यूव्ही लावला, अंधार केला, नायट्रेट-फॉस्फेट रोज मोजून घातले. पहिले काही दिवस फॉस्फेट खरंच गडप होत होतं, मग ०.०६ वर टिकलं. नायट्रेट ८. धागे आता नाहीत. मागच्या काचेवर मात्र हिरवा पातळ थर येतोय आणि खडकांवर गुलाबी-जांभळे ठिपके. तेही काढायचं का?

शिंपला

अजिबात नको! गुलाबी-जांभळं ते कोरलाइन शेवाळ. त्याच्यासाठी लोक वर्षभर वाट बघतात. कॅल्शियम ४२० च्या आसपास, क्षारता ८ ते ९ डीकेएच आणि मॅग्नेशियम १३०० ठेवा, पसरत जाईल. ते जिथे बसतं तिथे दुसऱ्या शेवाळाला जागा मिळत नाही. हिरवा थर समोरच्या काचेवरचा तेवढा पुसा, मागचा गोगलगायींसाठी राहू द्या.

खारेपाणी

उरलेल्या टर्बो परत फिरायला लागल्या आहेत, पण दोनच राहिल्या. नव्या आणू का?

रत्नदुर्ग

अजून नको. आधी वाळूच्या वरच्या थराचा नमुना घेऊन परत शाळेत बघून या. थेंबासारखी एकही पेशी दिसली नाही तर एकच गोगलगाय आणा. ती आठवडाभर काचेवर नीट चढत-उतरत राहिली, खात राहिली, तर बाकीच्या. यूव्ही अजून महिनाभर चालू ठेवा, आणि पाणी बदलायला सुरुवात कराल तेव्हा पहिल्या वेळी पाच टक्केच बदला.

खारेपाणी

सोमवारी शाळेत जातो. मॅडमनी विचारलंय, सातवीच्या मुलांना स्लाइड दाखवायला थोडा जास्त नमुना आणाल का? ऑस्ट्रिऑप्सिसचं विष लक्षात घेता मुलांनी हाताळणं सुरक्षित आहे का?

रत्नदुर्ग

बंद स्लाइड बघायला काहीच हरकत नाही. नमुना तुम्ही किंवा मॅडम हातमोजे घालून ठेवा, त्यावर आयोडीनचा एक थेंब टाका म्हणजे पेशी मरतील आणि आकार नीट दिसेल. एक स्लाइड मात्र मॅडमनी स्वतः आयोडीनशिवाय तयार करावी, कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद कराव्यात आणि मुलांना ती फिरणारी पेशी दाखवावी. बाटली परत घरी आणून ब्लीच करा.